वरवंट्याची सोबत

माझी नात परवा मोबाइलवर बोट सरकवत तासभर बसली होती. हल्ली सायकलवरून लांब लांब जायच्या सहली निघतात म्हणे, घोळक्यानं जायच्या, आणि त्यातली कुठली घ्यावी हे तिचं ठरत नव्हतं. एकीत चढ फार, दुसरीत मुक्काम झकास, तिसरीत मागून टेम्पो येतो आणि सामान तोच वाहतो. मी विचारलं, "वाटेत आपलं कोण आहे?" ती म्हणाली, "आजी, कोणी कशाला असायला पाहिजे?" बरोबर आहे तिचं. मी भिंतीकडं तोंड करून हसून घेतलं. तिच्या वयाची असताना हाच प्रश्न मला एका बाईनं विचारला होता आणि मीही असंच उडवून लावलं होतं. फरक एवढाच, की माझ्या सहलीला मागून टेम्पो नव्हता. टेम्पो मीच होते.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि मीही. राज्याचं पुढं काय झालं ते तुम्ही पाहताच आहात, मी माझं सांगते. मी ग्रामसेविका होते. सरकारनं मला एक काळी लेडीज सायकल, एक खाकी पिशवी आणि दुसरबीड हे गाव दिलं होतं. बायांना परसबाग कशी लावायची ते शिकवणं हे माझं काम. गावातली निम्मी घरं भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांची. त्यांच्या दारात उभं राहून ही महाराणी वांग्याची रोपं किती अंतरावर लावावीत ते सांगायची. त्या बाया पदरात तोंड लपवून ऐकून घ्यायच्या आणि जाताना माझ्याच पिशवीत वांगी टाकायच्या.

आमच्या जिल्ह्याचे दोन मजले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. मी खालच्या मजल्यावरची, वरवट बकालची. नेमणूक झाली वरच्या मजल्यावर. अंतर म्हणाल तर फार नाही, पण बोलणं बदलतं. आमच्याकडं 'मले' आणि 'तुले', इकडं 'मला' आणि 'तुला'. मी 'का' म्हणायच्या जागी 'काऊन' म्हटलं की इकडची पोरं त्यांचं 'कामून' म्हणून एकमेकांकडं बघायची. मग मी 'काऊन' म्हणणं सोडलं. मग हळूहळू बोलणंच कमी केलं.

राहायला एका माळ्याच्या घरातली अर्धी बाजू मिळाली होती. मधे मातीची भिंत. पलीकडं मावशी राहायची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई म्हणायची. तिचा नवरा बहुतेक मळ्यातच असायचा, विहिरीवर मोट होती आणि पाण्याची पाळी असायची. एकुलती लेक, तिचं लग्न होऊन ती घाटाखाली गेलेली. मावशी माझ्यावर माया करायची, पण उंबऱ्याच्या पलीकडून. भाजीची वाटी दारात ठेवायची, "बाई, झाकून घ्या," म्हणायची आणि जायची. आत ये म्हटलं तर, "तुमचं सरकारी काम असंल," असं म्हणून पदर सावरायची. अख्ख्या गावात मला तू म्हणणारं कोणी नव्हतं. ऐकायला मानाचं वाटतं. वर्षभर मान खाऊन पाहा, मग कळेल पोट भरतं का.

दिवेलागणीला पलीकडं पाट्यावर चटणी वाटायचा आवाज सुरू व्हायचा. खरर, खरर, मग एक खट. लसूण आणि मिरची भिंतीतून माझ्या नाकात यायची. मी त्या आवाजाला टेकून माझी भाकरी खायचे. आवाज थांबला की माझं जेवणही थांबायचं, पोट भरलेलं असो वा नसो. याला मी तेव्हा सोबत वगैरे काही म्हणत नव्हते. मला वाटायचं, माझं मन वाचनात रमतं.

महिन्याच्या बैठकीला देऊळगाव राजाला गेले असताना सायकलच्या दुकानाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. शाळेतले ड्रीलचे मास्तर दोन सहली काढणार होते, पौषात, संक्रांतीच्या आधी. एक लोणारपर्यंतची आणि परत. दुसरी लांबची, चिखलीला मुक्काम, मग घाट उतरून खामगावला, तिथून शेगाववरून थेट वरवट बकालपर्यंत. येताना शेगावहून सायकली एस.टी.च्या टपावर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की बायकांनी यावं, पण एकटीनं नाही, किमान दोघी पाहिजेत. आणि वर दुकानदारानं तोंडी सांगितलं की कन्याशाळेतल्या एका मास्तरणीनं लांबच्या सहलीत नाव घातलेलं आहे.

बस्स. तिथं उभ्या उभ्या या शहाणीची त्या मास्तरणीशी जन्माची मैत्री झाली. आम्ही शेजारी शेजारी सायकली हाकतोय, एका डब्यातून खातोय, ती मला तू म्हणतेय. तिचा चेहरासुद्धा मी पाहिला नव्हता.

तरी लगेच नाव घातलं नाही. घरी येऊन विचार केला, म्हणजे विचार करत असल्यासारखा चेहरा करून बसले. लोणारचा रस्ता माझ्या पायाखालचा, दुसरबीडवरूनच जाणारा, जमण्यासारखा. लांबच्या सहलीत घाट होता, आणि मी त्यापूर्वी कधी सलग दहा मैलांपलीकडं सायकल चालवली नव्हती. मावशी दारात वाटी ठेवायला आली तेव्हा तिला विचारलं, कोणती घेऊ. तिनं सहल म्हणजे काय ते समजून घेतलं आणि मग विचारलं, "लोणारला आपलं कोण हाय?"

मी म्हटलं, कोणी असायला कशाला पाहिजे, बघायला जायचं.

"कोणी नाही तिथं जायचं कशाला?" मावशी म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मी तिला हसले. पण खरं सांगायचं तर मीही तसंच ठरवत होते. लांबच्या सहलीचं शेवटचं टोक माझं गाव होतं. माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. फाट्यावर माझी आई उभी आहे, वीसेक सायकली घंट्या वाजवत येतायत, आणि त्यांच्या मधोमध मी, शेजारी माझी मैत्रीण. गावाला दिसलं पाहिजे की ही पोरगी घाटावर एकटी पडलेली नाही.

पुढच्या खेपेला सायकल एस.टी.च्या टपावर टाकून गेले, तर मास्तर दुकानाबाहेर खोक्यावर बसले होते, गळ्यात शिट्टी. मी म्हटलं, नाव घालायचंय. त्यांनी विचारलं, कोणाचं. माझं म्हटल्यावर त्यांनी आधी सायकल पाहिली, मग मला पाहिलं आणि सायकलवर जास्त विश्वास बसल्यासारखे म्हणाले, "लोणारची घाला बाई. सपाट आहे."

"लांबची," मी म्हटलं.

"घाट माहीत आहे का?"

"मी घाटाखालचीच आहे."

जसं काही घाटाखाली जन्मलं की पायात वेगळी हाडं येतात. तो घाट मी एस.टी.त बसून, डोळे मिटून आणि नाकाशी लिंबू धरून चढले होते. मास्तरांनी मला चौकात बालाजीच्या देवळापर्यंत एक फेरी मारून दाखवायला लावली. मी मारली. भाजीवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. मास्तर म्हणाले, एक लक्षात ठेवा, मागं राहणाऱ्यासाठी घोळका थांबत नाही, मुक्कामी भेटायचं, सामान कमीत कमी. मी जोरात मान हलवली. नाव घातलं गेलं.

आता खरी चूक. ती मी केली असं म्हणवत नाही, ती आमच्याकडं आपोआप होते. मी मावशीला सांगितलं की लांबची सहल ठरली. दुसऱ्या दिवशी गावाला ठाऊक झालं की बाई घाटाखाली चालल्या. आमच्याकडं माणूस त्या दिशेला निघालं की ते एकटं निघत नाही, त्याच्याबरोबर त्या दिशेला दिलेल्या सगळ्या लेकींचा खाऊ निघतो. नाही म्हणायची रीतच नाही. एकीनं चिखलीच्या लेकीसाठी तिळाचे लाडू दिले, एकीनं खामगावला भावजयीसाठी खण, एकीनं वाळलेल्या मिरच्यांचं गाठोडं, ज्यानं मला वाटभर शिंका आल्या. आणि मावशी आली ती पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. तिच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझी मांडीच खाली गेली.

"वरवंटा हाय," ती म्हणाली. "तिच्या सासरचा लई जड. सासूच्या हाताचा हाय तो. हिच्या हाताला येत नाही. निरोप आला होता दिवाळीत." मग जरा थांबून म्हणाली, "हा तिच्या हातात बसलेला हाय. लहानपणापासून यावरच वाटायची."

लेकीचं गाव खामगाव आणि शेगावच्या मधे, रस्त्यापासून जरासं आत होतं. मी म्हटलं, देईन. आणखी काय म्हणणार? मावशी माझ्या खोलीत, माझ्या सतरंजीवर बसली होती. त्या वेळी तिनं पाटासुद्धा दिला असता तरी मी घेतला असता.

निघायच्या दिवशी मास्तरांनी माझी सायकल पाहिली आणि शिट्टी तोंडात धरून नुसतेच उभे राहिले. ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅरिअरवर वरवंटा बांधलेला, त्यावर मिरच्या, हँडलला दोन्हीकडून पिशव्या. मास्तरीण आली. गोरी, नीटनेटकी, पुण्याकडची, एका छोट्या पिशवीत सगळं मावलेलं. मी आठवडाभर आरशापुढं शुद्ध बोलायचा सराव केला होता. तिला म्हटलं, "आपण बरोबर राहू या." ती गोड हसली. म्हणाली, "हो तर. पण तुम्ही एवढं ओझं का घेतलंत?" मी सांगायला लागले आणि सराव केलेलं सगळं विसरून म्हटलं, "आता काऊन म्हंजे..." ती पुन्हा हसली, वाईट नाही, आपण लहान मुलाच्या बोबड्या बोलाला हसतो तशी. मग मास्तरांची शिट्टी वाजली.

पहिल्या फर्लांगापर्यंत आम्ही शेजारी होतो. ती मैत्री तेवढी चालली.

चिखलीला मी पोचले तेव्हा मंडळींची जेवणं होऊन सतरंज्या पडल्या होत्या. मास्तरणीनं माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती आणि ती झोपून गेली होती. सकाळी मी लाडू पोचवायला गेले, परत आले तर सायकली निघून गेलेल्या. त्याच दिवशी घाट. सगळे म्हणे घंट्या वाजवत वाऱ्यासारखे उतरले. माझ्या ब्रेकची रबरं वरवंट्याच्या वजनानं जळका वास मारायला लागली, तेव्हा मी उतरले आणि सायकल मागं ओढत, पाय रोवत, वळणामागून वळण चालत खाली आले. दोन्ही बाजूंनी सागाची वाळकी पानं आणि चिटपाखरू नाही. वळणावरून खालचा मुलूख दिसला, काळ्या मातीचा, तुरी उभ्या असलेला, माझा. दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. म्हणून मी वरवंट्याला म्हटलं, "पाह्य, आलं आपलं घाटाखाली."

एकदा तोंड उघडलं ते मग मिटेना. चढ आला की मी त्याला शिव्या द्यायचे, उतार आला की घट्ट धरून बस म्हणायचे. एका गावात विहिरीवर पाण्याला थांबले. तिथल्या बायांनी कॅरिअरवरचं ते लुगड्यातलं गाठोडं पाहिलं, मला त्याच्याशी बोलताना ऐकलं होतं. एक म्हातारी पुढं आली आणि हळू आवाजात म्हणाली, "लेकरू झोपलं काय, माय? ऊन लागून राह्यलं त्याले. झाक नं."

मी झाकलं. खरंच झाकलं, पदराचं टोक ओढून. त्या बायांना खरं सांगायला मला तोंड नव्हतं आणि, आता हसू येतं, पण तेव्हा सांगावंसंही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खामगावहून मात्र मी घोळक्याबरोबर निघाले. मिरच्या गेल्या, खण गेला, एक वरवंटाच उरला होता. जीव खाऊन पायडल मारत मी मास्तरणीच्या मागच्या चाकापर्यंत पोचले होते. मास्तर ओरडून सांगत होते की आज शेवटचा टप्पा, सगळ्यांनी गावात एकत्र शिरायचं, घंट्या वाजवायच्या. आणि तेवढ्यात उजवीकडं ती आत जाणारी गाडीवाट आली.

मी थांबले. पाय खाली टेकून पाहत राहिले. सायकली पुढं चालल्या होत्या, अजून गाठता आल्या असत्या. वरवंटा काय, येताना एस.टी.तून उतरून देता आला असता, असं मी स्वतःला सांगितलं. पण पट्ट्यांखाली तो तसाच पडून होता, कालपासून माझं सगळं बोलणं ऐकून घेतलेला. मी हँडल वळवलं.

घर सापडलं. लेक माझ्याच वयाची निघाली. दारात परकी बाई पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला. मी दुसरबीड म्हटलं, मावशीचं सांगितलं आणि गाठोडं तिच्या हातात दिलं. तिनं तिथंच उंबऱ्यात बसून लुगडं सोडलं. आधी लुगड्याचा वास घेतला. मग वरवंटा दोन्ही हातांत धरला. उठून आत गेली, आणि मला आतून आवाज ऐकू आला. खरर, खरर, मग खट. मी बाहेर ओट्यावर बसले होते. तो आवाज मी वर्षभर भिंतीआडून ऐकला होता, आणि त्यातला शेवटचा खट तसाच होता, आईच्या हातून लेकीच्या हातात आलेला.

चटणी घेऊन ती बाहेर आली. सासू शेतात होती. आम्ही एका ताटात जेवलो. तिनं आईचं विचारलं, मळ्याचं विचारलं, भिंतीजवळचं शेवग्याचं झाड आहे का विचारलं. मग म्हणाली, की इथं तिच्या बोलण्याला हसतात. मी म्हटलं, मलाही हसतात, तुझ्या तिकडं. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहून इतक्या हसलो की ठसका लागला. ऊन चढलं, तशी मी उठले. सायकलला हात लावला, तर तिनं मागून कॅरिअर धरलं.

"थांब नं वं," ती म्हणाली. "आता पुन्हा कोन येते?"

'गं' नाही, 'वं' म्हणाली. घाटावरची पोरगी, सासरच्या बोलीत, माझ्या बोलीत. वर्षभरात मला ते कोणी म्हटलं नव्हतं. मी सायकल स्टँडवर लावली आणि पुन्हा बसले. उन्हं कलेपर्यंत बसले.

मग पुढं काय व्हायचं तेच झालं. शेगाव ओलांडून मी वरवटच्या रस्त्याला लागले, तर समोरून घंट्या वाजवत आख्खी सहल परत येत होती. ते गावात जाऊन, चहा पिऊन, फुलं घेऊन निघाले होते. मास्तरणीच्या गळ्यात झेंडूची माळ होती. ती हात हलवून म्हणाली, "लवकर या हं." मास्तर म्हणाले, "बाई, एस.टी. चुकेल." आणि ते सगळे माझ्या अंगावरून, उलट्या दिशेनं, निघून गेले.

फाट्यावर कोणी नव्हतं. आई येऊन, सगळ्या सायकली मोजून, घरी गेली होती. मी अंगणात सायकल लावली तेव्हा वहिनीनं पाहुण्यांच्या पितळी लोट्यात पाणी आणलं आणि सतरंजी झटकून, "बसा बाई," म्हणाली. आई बाहेर आली. तिनं मला पाहिलं, मग मोकळं कॅरिअर पाहिलं.

"आमाले वाटलं, तू येऊनच नाही राह्यली," ती म्हणाली. मग जवळ येऊन हळूच, "रिकामी आली काऊन, माय? इतक्या दुरून?"

ज्या 'काऊन'साठी मी वर्षभर झुरले होते, तो असा भेटला. गावभरच्या लेकींचा खाऊ वाहणाऱ्या या टेम्पोला स्वतःच्या आईसाठी तिळाचा एक लाडू आणायचं सुचलं नव्हतं. आईनं माझे पाय चेपून दिले. दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं एकटीच निघाले, सायकल टपावर, लिंबू नाकाशी.

दुसरबीडला पोचले तर दिवेलागण झालेली. भाकरी टाकली, ताट घेऊन रोजच्यासारखी भिंतीला टेकले. पलीकडून काही येईना. मी वाट पाहिली. भाकरी गार झाली. आणि मग या दीडशहाणीच्या डोक्यात उजेड पडला, की मला त्या घरात जी एकच सोबत होती ती मी स्वतःच्या हातानं, ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधून, घाट उतरवून देऊन आले होते.

मी उठून मावशीच्या दारात गेले. ती चुलीपुढं बसली होती, भाकरीबरोबर नुसतं मीठ-तेल. तिनं विचारलं, "आला का तिच्या हाताला?" मी सांगितलं, उंबऱ्यातून उठून थेट पाट्यावर गेली. मावशीनं मान हलवली. भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

पुढच्या बाजारात तिनं पाथरवटाकडून नवा वरवंटा आणला. खरबरीत होता, चटणीत कच यायची. तो हातात बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, ती म्हणाली, रोज वाटलं तर. मी म्हटलं, मी येत जाईन. मग माझी बदली होईपर्यंत दिवेलागणीला मी तिच्या पाट्यापुढं बसले, थोडं ती वाटायची, थोडं मी. बोलणं फार नसायचं. त्या वेळेला खालच्या मजल्यावर कोण वाटत असेल ते दोघींनाही ठाऊक होतं. माझ्या हातून शेवटचा खट कधी जमला नाही. मावशीनं मला शेवटपर्यंत बाईच म्हटलं. फक्त आता चटणी झाकून दारात ठेवत नव्हती. वाटून झालं की पाट्यावरचं बोटानं निपटून आधी माझ्या भाकरीवर ठेवायची, आणि मग स्वतःच्या.